नव्याचे भय व नित्याची चाकोरी

मनुष्यास बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या दोन प्रकारच्या असतात. एक दोरी बाहेरची असते. ती दारिद्र्याची, कायद्याची किंवा दुसऱ्याच्या जुलमाची असते. ती सर्वांस दिसते व तिच्याविषयी आपण गाऱ्हाणेही करितो. दुसरी दोरी आतली असते. ती भयाने वळलेली व सवयीने पीळ दिलेली असते. तिच्याविषयी कोणी गाऱ्हाणे करीत नाही, कारण आपण बांधलेले आहो हेच पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. "आमच्यात असे करीत नाहीत," "आता ह्या वयात काय शिकावयाचे," "लोक काय म्हणतील," हे त्या दोरीचे तीन पदर होत. प्रस्तुत पाठात ह्या आतल्या दोरीचा विचार करावयाचा आहे.

विषय नुसत्या उपदेशाने समजण्याजोगा नाही, म्हणून घडलेली दोन उदाहरणे घेऊ. दोन्ही उदाहरणे मुंबईतील दादर-परळ भागातली आहेत. गावाकडील जी मंडळी लग्नसराईत कापड घ्यावयास मुंबईस जातात त्यांपैकी पुष्कळांस हिंदमाता हा भाग ठाऊक असेल. तेथे कापडाच्या दुकानांची दाटी आहे, आणि पावसाळ्यात चार घटका जोराची सर आली की रस्त्यावर गुडघाभर पाणी साचते म्हणून त्याची ख्याती आहे. ह्या हिंदमात्याच्या दोहो बाजूंस पायी जाण्याच्या अंतरावर, दादरास एक व परळास एक, अशा दोन जागा आहेत की जेथे काही माणसांनी नव्याच्या भयाशी झुंज घेतली. एके ठिकाणी भय होते ते अब्रूचे व पोटाचे. दुसऱ्या ठिकाणी प्रत्यक्ष प्राणाचे.

भय व सवय ह्यांचा संबंध

उदाहरणांपूर्वी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. चाकोरी हा शब्द आपण रोज वापरितो. एकाच वाटेने गाड्यामागून गाड्या गेल्या म्हणजे चाकांचे दोन खोल चर पडतात, ती चाकोरी. तिच्यात गाडी घातली की गाडीवानास डुलकी घेता येते. बैल आपोआप चालतात. हा तिचा मोठा उपयोग आहे, आणि म्हणूनच सवय ही वाईट वस्तू आहे असे कोणी समजू नये. रोजच्या शंभर कामांचा नव्याने विचार करावा लागला असता तर मनुष्य दुपारपर्यंतच थकून गेला असता. परंतु जेव्हा गाडी वळविण्याची वेळ येते तेव्हा त्याच चरात चाक अडकते, आणि चर जितका जुना तितका जोर अधिक लागतो.

भयाचा स्वभाव असा आहे की ते टाळल्याने वाढते. एखाद्या मनुष्यास चार लोकांसमोर उभे राहून बोलण्याची भीती वाटते. तो सभेस जात नाही. न गेल्यामुळे त्यास त्या सायंकाळी बरे वाटते. हे बरे वाटणे म्हणजे जणू टाळाटाळीस मिळालेले बक्षीस होय. पुढच्या वेळी तो अधिक लवकर टाळतो, आणि ज्या गोष्टीचा त्यास कधी अनुभवच आला नाही तिचे भय त्याच्या मनात वर्षानुवर्षे पोसले जाते. ह्याच्या उलट, थोड्या मापाने त्या गोष्टीजवळ गेले असता भय ओसरू लागते. मानसशास्त्राचे अभ्यासक हल्ली अशाच पायरीपायरीच्या अनुभवाने भित्र्या मनावर उपचार करितात. आपल्या वडिलांस हे शास्त्र न वाचताही ठाऊक होते. पोराला पोहावयास शिकविताना ते त्याच्या पाठीस सुकलेला भोपळा बांधीत, पहिल्या दिवशी विहिरीच्या पायरीवरच पाय हलवावयास लावीत, आणि स्वतः पाण्यात उभे राहत. काठावर बसून पोहण्याचे वर्णन ऐकल्याने कोणी पोहावयास शिकला नाही. तसेच न सांगता मागून ढकलून दिल्याने पुष्कळांच्या मनात पाण्याचे भय जन्माचे बसले. हे दोन्ही मुद्दे पुढील उदाहरणांत दिसून येतील.

पहिले उदाहरण : दादरचा छापखानेवाला

धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचा जन्म 1870 साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला व छायाचित्रण शिकले. त्यांनी फोटोग्राफीचा धंदा मांडला, तेव्हा त्यांस नव्याच्या भयाची पहिली ओळख झाली. हे यंत्र मनुष्याचे आयुष्य शोषून घेते अशी लोकांची समजूत असल्यामुळे गिऱ्हाईक येईना. गोध्रा येथे प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी व मूल दगावले. नंतर त्यांनी सरकारच्या पुराणवस्तु खात्यात नकाशे काढण्याची नोकरी केली, ती स्वदेशीच्या दिवसांत सोडली, आणि लोणावळे व पुढे दादर येथे रंगीत चित्रांचा छापखाना चालविला. 1909 साली ते नवी यंत्रे आणण्याकरिता जर्मनीस जाऊन आले. धंदा चांगला चालला होता. परंतु भागीदारांशी मतभेद होऊन ते त्यातून बाहेर पडले.

1910-11 च्या सुमारास त्यांनी मुंबईत एका तंबूतील खेळात ख्रिस्ताच्या जीवनावरील मूक चित्रपट पाहिला. पडद्यावरील त्या चरित्रात पाहणारे रंगून गेले होते. फाळके ह्यांच्या मनात मात्र दुसराच विचार चालू होता. आपल्या देशातील रामकृष्णांच्या कथा अशाच हलत्या चित्रांत का दाखविता येऊ नयेत, असा तो विचार होता. त्या वेळी त्यांचे वय चाळिशीच्या घरात होते, नोकरी नव्हती, पदरी मुले होती, आणि ही विद्या शिकविणारा मनुष्य आपल्याकडे मिळण्याजोगा नव्हता. पुढे कित्येक महिने ते जेथे मिळतील तेथे चित्रपट पाहत राहिले. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दृष्टीच जाण्याची वेळ आली. उपचारांनी ती परत आली.

ह्यानंतर त्यांनी जे केले त्याचा क्रम आपण नीट पाहिला पाहिजे. विम्याच्या कागदावर कर्ज काढून ते 1912 च्या फेब्रुवारीत लंडनास गेले. ज्या चित्रपटविषयक साप्ताहिकाचे ते वाचक होते त्याच्या कचेरीत सरळ जाऊन संपादकांस भेटले. त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ ह्यांच्या चित्रशाळेत जाऊन प्रत्यक्ष काम पाहिले. विल्यमसन जातीचा कॅमेरा व फितीस भोके पाडण्याचे यंत्र विकत घेतले, आणि एप्रिलमध्ये परत आले. परत येताच त्यांनी मोठे नाटक चित्रित करण्यास घेतले नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, आणि तो रुजून वाढत असता रोज थोडे थोडे चित्र घेत गेले. महिन्याभराची ती वाढ पडद्यावर थोड्याच वेळात दिसू लागली. ही फीत पाहून भांडवल देणाऱ्याची खात्री पटली व त्यांची स्वतःचीही परीक्षा झाली. वाटाण्याच्या त्या वेलात पुढील सर्व उद्योगाचे बी होते असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

"राजा हरिश्चंद्र" हे चित्र दादर मेन रोडवरील जागेत तयार झाले. त्या रस्त्यास आज दादासाहेब फाळके ह्यांचेच नाव आहे. येथे भयाची दुसरी बाजू दिसते. चित्रात काम करणे ही अब्रूची हानी आहे अशी समजूत असल्याने माणसे मिळेनात. म्हणून काम करणाऱ्यांस असे सांगून ठेविले होते की, कोणी विचारल्यास आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीस आहो असे सांगावे. तारामतीच्या कामास एकही स्त्री तयार होईना. ज्यांस समाजाने आधीच बाहेर टाकिले होते त्या बायाही नको म्हणाल्या. शेवटी एका उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणारे साळुंके नावाचे तरुण गृहस्थ सापडले, आणि त्यांनी तारामतीची भूमिका केली. स्त्रीवेष घेणाऱ्या इतर पुरुषांस मिशी काढण्यास राजी करणेही सोपे गेले नाही, कारण बाप वारल्यावाचून मिशी काढू नये अशी रूढी होती. वांगणी गावी चित्रणास गेलेल्या मंडळीस ढालतलवारींसह पाहून गावकऱ्यांस दरोडेखोर आल्याचा संशय आला व फौजदारापर्यंत वर्दी गेली, असेही सांगतात. आज ह्या गोष्टीचे हसू येते. परंतु त्या गावकऱ्यांस हसू नये. ज्याने कधी कॅमेरा पाहिला नाही, त्याने हाती तलवार असलेल्या अनोळखी मनुष्यास दरोडेखोर समजावे ह्यात अस्वाभाविक असे काही नाही.

ह्या सर्व उद्योगात जिचे नाव मागे राहते ती व्यक्ती म्हणजे सरस्वतीबाई फाळके. तारामतीचे काम करावे असे त्यांस पतीने विचारले असता त्यांनी नकार दिला. परंतु बाकी सर्व भार उचलला. त्यांनी अंगावरील दागिने दिले. कामावरील मंडळीचा स्वयंपाक त्याच करीत. दिवसा उन्हात पांढरी चादर धरून उजेड वळविणे, रात्री अंधाऱ्या खोलीत फितीस भोके पाडणे, रसायने कालविणे, फीत धुणे ही कामे त्या शिकल्या. ज्या बाईने आयुष्यात चूलमूल ह्याबाहेरील धंदा पाहिला नव्हता तिने वर्षभरात एक सर्वस्वी नवी कला हस्तगत केली. तिने हे पडद्यामागे राहून केले म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.

1913 च्या 21 एप्रिल रोजी निवडक लोकांस व 3 मे रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात सर्वांस हे चित्र दाखविण्यात आले, आणि लोकांनी ते उचलून धरिले. त्याच वर्षी तयार केलेल्या "मोहिनी भस्मासुर" ह्या पुढच्या चित्रात दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई ह्या दोघी उभ्या राहिल्या. ज्या कामास काही महिन्यांपूर्वी कोणी स्त्री मिळत नव्हती त्या कामास आई व लेक एकत्र आल्या. भयाची भिंत कशी पडते हे ह्यावरून दिसते. पहिली वीट काढण्यास फार श्रम पडतात. पुढच्या विटा एकीमागून एक सैल होतात.

परंतु ह्या चरित्राचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. 1931 साली "आलमआरा" हा पहिला हिंदी बोलपट आला व मूकपटांचे दिवस संपले. फाळके ह्यांनी सारी हयात मूकपटात घालविली होती. त्यांनी सर्वस्वी बोलपट असा एकच केला, "गंगावतरण", तो 1937 साली. पुढे नाशकास ते बहुतेक विस्मृतीत राहिले व 1944 च्या फेब्रुवारीत वारले. ज्याने एके काळी जुनी चाकोरी मोडली त्याचीच नवी वाट वीस वर्षांत चाकोरी झाली. ह्यात त्यांस दोष देण्याचे कारण नाही. म्हातारपण, पैशाची अडचण व बदललेला धंदा ही सर्व आड आली. तथापि बोध असा आहे की, एकदा केलेले धाडस जन्मभर पुरत नाही.

दुसरे उदाहरण : परळची लस

आता हिंदमात्याच्या दुसऱ्या अंगास, परळास येऊ. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेगचा रोग ओळखला. थोड्याच महिन्यांत शहरात हाहाकार उडाला व लाखो लोक गावोगाव पळाले. गिरण्या ओस पडल्या. सरकारी अधिकारी घरे तपासू लागले, रोग्यास घरातून उचलून रुग्णालयात नेऊ लागले, सामान जाळू लागले. ह्या सक्तीचा परिणाम असा झाला की लोकांस प्लेगपेक्षा रुग्णालयाचे भय अधिक वाटू लागले. 1896 च्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यास पुढे काय घडले ते सर्वांस ठाऊक आहे. भयभीत मनुष्यास दरडावले असता भय जात नाही. ते संतापाचे रूप घेते.

अशा वेळी वॉल्डेमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ मुंबईस आले. त्यांचा जन्म 1860 साली ओडेसा येथे एका यहुदी कुटुंबात झाला होता. पॅरिस येथील पाश्चर ह्यांच्या संस्थेत काम करीत असता त्यांनी पटकीवरील लस तयार केली व 1892 साली ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे बंगाल्यात त्यांनी हजारो लोकांस ती लस दिली होती. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांस एक लहानशी जागा, एक कारकून व तीन गडी एवढेच साहाय्य मिळाले. तेवढ्यावर त्यांनी प्लेगच्या जंतूंची लागवड सुरू केली. पातळ रशावर तुपाचा किंवा खोबरेल तेलाचा थर ठेविला असता त्याखाली हे जंतू लोंबत्या झुबक्यांप्रमाणे वाढतात असे त्यांनी पाहिले. ते जंतू उष्णतेने मारून त्यांची लस करावयाची, म्हणजे शरीरास रोग न होता रोगाशी लढण्याचे शिक्षण मिळते, ही ती युक्ती.

लस प्राण्यांवर तपासून झाली. आता मनुष्यावर तिचा परिणाम कसा होतो हे पाहावयाचे होते. 1897 च्या 10 जानेवारी रोजी हाफकिन ह्यांनी नेहमी द्यावयाच्या मात्रेहून पुष्कळ मोठी मात्रा स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. त्यांस ताप आला, टोचलेली जागा दुखू लागली, आणि काही दिवसांत ते बरे झाले. नंतरच त्यांनी दुसऱ्यांस विचारिले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी जे स्वखुशीने पुढे आले त्यांस लस देण्यात आली व बाकीच्यांस देण्यात आली नाही. दोघांचे खाणेपिणे, राहणे एकच होते. पुढे असे दिसून आले की टोचलेल्यांत रोग व मृत्यू ह्यांचे प्रमाण न टोचलेल्यांहून पुष्कळ कमी होते. ही लस सर्वांचे सर्वतोपरी रक्षण करीत नव्हती, आणि तसे कोणी सांगितलेही नाही. परंतु तिने धोका कमी होतो हे आकड्यांनी सिद्ध झाले.

तरीही लोक कचरत होते. अशा वेळी खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान ह्यांनी आपल्या अनुयायांदेखत स्वतःस टोचून घेतले. सरकारी जाहीरनाम्याने जे झाले नसते ते त्या एका उघड्या दंडाने झाले. 1899 च्या ऑगस्टात गव्हर्नरांच्या परळ येथील जुन्या वाड्यात प्लेगची प्रयोगशाळा उघडली गेली. 1925 पासून तिला हाफकिन संस्था असे नाव आहे.

येथेही कथेची काळी बाजू झाकून ठेविता येत नाही. 1902 च्या 30 ऑक्टोबर रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्या लोकांपैकी 19 जण धनुर्वाताने मेले. ते सर्व एकाच बाटलीतून टोचलेले होते. हाफकिन ह्यांजवर ठपका ठेवून त्यांस कामावरून दूर करण्यात आले. पुढे पुरावा तपासला असता असे आढळले की, ती बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध न करिताच वापरण्यात आला होता. सर रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी हाफकिन ह्यांची बाजू जाहीरपणे मांडली, आणि 1907 साली ते दोषमुक्त ठरले. पाच वर्षे एका निरपराध मनुष्याने कलंक सोसला; परंतु त्या 19 घरांचे दुःखही तितकेच खरे होते. म्हणून नव्याची भलामण करणाऱ्याने हे दोन्ही सांगितले पाहिजे. मुलकोवालच्या लोकांचे धैर्य खोटे नव्हते; हयगय झाली ती चिमटा धरणाऱ्याकडून.

ह्या उदाहरणांवरून निघणारे नियम

पहिला नियम : भयास नाव द्यावे. "मला भीती वाटते" एवढे म्हणणे पुरेसे नाही. भीती दुखण्याची आहे, पैसे बुडण्याची आहे, की हसे होण्याची आहे, हे स्वतःस विचारावे. फाळके ह्यांच्या मंडळीस तलवारीचे भय नव्हते, मिशीचे होते. नाव दिल्याने अर्धे भय आपोआप लहान होते, व उरलेल्यावर उपाय शोधिता येतो.

दुसरा नियम : आरंभ लहान मापाने करावा. वाटाणा आधी, हरिश्चंद्र मागून. प्राणी आधी, मनुष्य मागून. साऱ्या शेतात नवे बियाणे पेरण्याऐवजी चार वाफ्यांत पेरून पाहणारा शेतकरी भित्रा नसतो. तो शहाणा असतो. परंतु जो चार वाफेही पेरीत नाही त्यास त्या बियाण्याविषयी मत देण्याचा अधिकार नाही.

तिसरा नियम : दुसऱ्यास पुढे लोटणाऱ्याने आधी स्वतः पुढे जावे. शिक्षक, पंच, वडीलधारी माणसे ह्यांनी हा नियम विशेष ध्यानात ठेवावा. हाफकिन ह्यांचा स्वतःचा दंड व आगाखानांचा दंड ह्यांनी लोकांची समजूत पटली. शिपायांच्या दंडुक्याने पटली नाही.

चौथा नियम : एकटे जाऊ नये. सरस्वतीबाई नसत्या तर दादरचा तो कारखाना महिन्याभरात बंद पडला असता. जो भितो त्यास सोबती मिळाला की त्याचे पाऊल उचलते, व सोबत्याचेही भय कमी होते.

पाचवा नियम : जे नवे ते चांगलेच असे समजू नये. आजकाल झटपट पैसा दुप्पट करून देणारे पुष्कळ गावोगाव हिंडतात, आणि तेही "भिऊ नका, नवा अनुभव घ्या" असेच म्हणतात. त्यांस तीन प्रश्न विचारावे. हे बिघडले तर परत फिरता येईल काय? बिघडल्यास नुकसान कोणाचे, माझे की तुमचेही? आणि मला विचार करण्यास वेळ देता की आजच अंगठा मागता? जो ह्या प्रश्नांनी चिडतो त्याच्यापासून दूर राहावे. असे भय म्हणजे राखण करणारा कुत्रा होय. त्यास हाकलून देऊ नये.

गावी ह्याचा उपयोग

हिंदमात्याहून हाफकिन संस्थेकडे जाताना वाटेत के. ई. एम. रुग्णालय व टाटा स्मारक रुग्णालय लागते. टाटा रुग्णालय 1941 साली उघडले व तेथे कर्करोगावर उपचार होतात. त्याच्या आसपासच्या रस्त्यांवर आपल्या खेड्यापाड्यांतून आलेले रोगी व त्यांचे नातलग पथाऱ्या टाकून राहिलेले दिसतात. त्यांतील पुष्कळांस एकच गोष्ट सांगावी लागते, ती ही की रोगी फार उशिरा आला. ह्या उशिराची कारणे अनेक असतात. पैसा नसतो, वाट लांब असते, जवळ डॉक्टर नसतो. परंतु कित्येकांच्या बाबतीत एक कारण भय हेही असते. बाईस छातीत गाठ लागते. ती दुखत नाही. ती कोणास सांगत नाही, कारण सांगितले तर दाखवावे लागेल, दाखविले तर तपासावे लागेल, आणि तपासले तर काही निघेल. घरात रोजचे काम असतेच. ते तिच्या भयास निमित्त देते. "सुगी होऊ दे, मग पाहू." सुगी होते, लग्नसराई येते, पाऊस येतो. गाठ मात्र कोणत्याही मोसमाची वाट पाहत नाही.

वाचकहो, छातीतील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पुष्कळ गाठी निरुपद्रवी ठरतात. आणि जी कर्करोगाची असते तीही लवकर सापडली तर बरी होण्याची आशा पुष्कळ अधिक असते. म्हणजे ज्या तपासणीस ती बाई भिते तीच तपासणी तिच्या भयावरील उपाय आहे. येथे आमचे वरील नियम लावून पाहा. भयास नाव द्या. पहिले पाऊल लहान टाका. एकदम मुंबईची गाडी न धरिता जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा. ज्यांची तपासणी झाली आहे अशा बाईने पुढे होऊन "मी जाऊन आले आहे, चल, मी येते" असे म्हणावे. हे एक वाक्य गावात कोणी बोलले तर त्याची किंमत कोणत्याही व्याख्यानाहून अधिक आहे.

सर्वच भये इतकी जड नसतात. एखाद्या आजोबांस बँकेच्या खिडकीशी जाऊन स्वतःचा कागद भरण्याची लाज वाटते, म्हणून ते दर वेळी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतात व कधी फसतातही. एखाद्या सुनेस ग्रामसभेत पाण्याविषयी दोन शब्द बोलावयाचे असतात, पण आजवर कोणी बाई बोलली नाही म्हणून ती गप्प बसते, आणि नळ तसाच कोरडा राहतो. एखादा मुलगा तालुक्याच्या वसतिगृहास जाण्यास भितो, व घरचेही त्याच्या भयास माया समजून त्यास जवळ ठेवितात. ह्या लहान भयांवर मिळविलेला जय मोठ्या भयाच्या दिवशी उपयोगी पडतो. ज्याने खिडकीशी उभे राहून कागद भरला त्याचे पाय रुग्णालयाच्या दारात थोडे कमी थरथरतात.

ह्या आठवड्याचे काम

पुढील सात दिवसांत प्रत्येकाने जी गोष्ट आपण केवळ भयाने किंवा सवयीने टाळीत आलो अशी एक लहान गोष्ट निवडावी. ती निरुपद्रवी असावी, व बिघडल्यास नुकसान आपल्यापुरतेच राहावे. करण्यापूर्वी एका कागदावर लिहावे की मला काय होईल असे वाटते. केल्यानंतर त्याच कागदावर लिहावे की प्रत्यक्ष काय झाले. ज्यांस लिहिता येत नाही त्यांनी घरातील मुलाकडून लिहून घ्यावे. दोन ओळींतील अंतर किती आहे ते पाहावे. पुष्कळांस असे आढळेल की भयाने सांगितलेले भाकीत खोटे ठरले. ज्यांचे खरे ठरेल त्यांनीही खट्टू होऊ नये. नुकसान किती झाले व ते सोसवले की नाही एवढे पाहावे. सोसवले असेल तर तेही एक नवे ज्ञान आहे.

चर्चेसाठी प्रश्न

1. सवयीचा उपयोग कोणता व तिचा धोका कोणता? आपल्या घरातील एक एक उदाहरण द्या.

2. फाळके ह्यांनी मोठ्या चित्रापूर्वी वाटाण्याची वाढ का चित्रित केली असावी? आपल्या धंद्यात असा "वाटाणा" कोणता?

3. मुंबईतील लोक 1896 साली रुग्णालयास का भ्याले? त्यांचे भय कोणत्या अंशी योग्य होते, आणि अधिकाऱ्यांनी कसे वागावयास पाहिजे होते?

4. मुलकोवालच्या घटनेमुळे लस घेणे चुकीचे ठरते काय? ह्या घटनेपासून नवे काम हाती घेणाऱ्यांनी कोणता धडा घ्यावा?

5. राखण करणारे भय व बांधून ठेवणारे भय ह्यांतील फरक कसा ओळखावा?

6. आपल्या गावात अशी कोणती व्यक्ती आहे की जिला "चल, मी येते" असे कोणीतरी म्हणण्याची गरज आहे? तिचे नाव सभेत उच्चारू नये. तिच्या घरी जावे.